एमएमयू बंद असताना पॅक्ड स्ट्रक्ट वाचलं की डेटा अबॉर्ट

प्रश्न:
रास्पबेरी पाय ३, ६४-बिट बेअर-मेटल (ऑपरेटिंग सिस्टिमशिवाय थेट चालणारा) कर्नल, जीसीसी कंपायलर, ओ-२ ऑप्टिमायझेशन. एमएमयू (मेमरीचे पत्ते आणि प्रकार ठरवणारं हार्डवेअर) अजून चालू केलेला नाही. फॅट३२ चा बूट सेक्टर हेक्स २००००० या पत्त्यावर येतो, शेवटची ५५ एए ही सहीसुद्धा बरोबर दिसते. पण पॅक्ड (फील्डांमध्ये रिकामे बाइट न सोडणाऱ्या) स्ट्रक्टमधून 'बाइट्स पर सेक्टर' वाचलं की एक्सेप्शन: ईएसआर (एक्सेप्शनचं कारण सांगणारं रजिस्टर) हेक्स ९६००००२१, एफएआर (फॉल्ट झालेला पत्ता) २००००बी. जुन्या क्यूईएमयू एम्युलेटरवर हाच कोड बिनतक्रार चालतो. पॅक्ड काढलं तर एक्सेप्शन जातं, पण ५१२ ऐवजी २०५० मिळतात!

उत्तर १:
ईएसआरचे वरचे सहा बिट हेक्स २५, म्हणजे त्याच एक्सेप्शन लेव्हलवरचा डेटा अबॉर्ट (मेमरी वाचता-लिहिताना आलेला फॉल्ट). खालचे सहा २१, म्हणजे अलाइनमेंट फॉल्ट (पत्ता डेटाच्या आकाराच्या पटीत नाही). एफएआरच्या शेवटी बी आहे, म्हणजे ११. तीन बाइट जंप, आठ बाइट ओईएम नाव, आणि लगेच ११ पासून हे दोन बाइटांचं फील्ड. पत्ता विषमच.

एमएमयू बंद असताना एआरएमव्ही८ वर डेटासाठी रॅमसुद्धा डिव्हाइस मेमरी (हार्डवेअर रजिस्टरांसाठीचा प्रकार) धरली जाते, आणि तिथे अलाइन नसलेला अ‍ॅक्सेस चालत नाही. एससीटीएलआर या कंट्रोल रजिस्टरचा ए (अलाइनमेंट तपासणीचा) बिट शून्य करून उपयोग नाही, ती सवलत नॉर्मल मेमरीपुरती. जीसीसीला यातलं काही ठाऊक नसतं. तो एक एलडीआरएच (दोन बाइट एकदम वाचणारी सूचना) टाकून मोकळा होतो. जुन्या क्यूईएमयूत ही तपासणीच नव्हती.

२०५० चं कोडं सोपं आहे. पॅक्ड काढल्यावर एक पॅडिंग बाइट घुसला आणि फील्ड १२ वर सरकलं. कार्डावर ११, १२, १३ या जागी ००, ०२, ०८ असणार (०८ म्हणजे सेक्टर पर क्लस्टर). खालचा बाइट आधी असतो, म्हणून १२ पासून वाचलं की हेक्स ०८०२, दशमानात २०५०. तेव्हा पॅक्ड परत घाला.

उत्तर २:
आणि जीसीसीला 'एम-स्ट्रिक्ट-अलाइन' फ्लॅग (अलाइन नसलेले अ‍ॅक्सेस टाळायला सांगणारा) लावा. ऑब्जडम्पमध्ये (बायनरीची असेंब्ली दाखवणारं साधन) एलडीआरएचच्या जागी दोन एलडीआरबी (एकेक बाइट वाचणाऱ्या सूचना) दिसले की झालं. मात्र फील्डचा पत्ता साध्या १६-बिट पॉइंटरमध्ये घेतला, तर पॅक्डपणाची माहिती तिथेच हरवते आणि फ्लॅगही वाचवत नाही. तयार लायब्ररीतला मेमकॉपीही (मेमरी कॉपी करणारं फंक्शन) या फ्लॅगशिवाय बांधलेला असू शकतो. बूटपुरता बाइट-बाइट कॉपी करणारा स्वतःचा लिहिलेला बरा.

प्रश्नकर्ता:
एमएमयू चालू केल्यावर फ्लॅग काढला तर चालेल?

उत्तर १:
रॅमच्या पानांना एमएआयआरमध्ये (मेमरीचे प्रकार ठेवणारं रजिस्टर) एफएफ, म्हणजे नॉर्मल राइट-बॅक, दिलं असेल आणि ए बिट शून्य असेल तर चालेल. माझ्या मते एमएमयूच्या आधी चालणाऱ्या फायलींनाच फ्लॅग ठेवावा. फ्रेमबफर (स्क्रीनची मेमरी) डिव्हाइस म्हणून मॅप केलात, तर मेमकॉपी तिथे पुन्हा आपटेल. तो नॉर्मल नॉन-कॅशेबल करा.

उत्तर ३:
ईएसआरचे वरचे सहा बिट हेक्स २६ दिसले तर गोष्ट वेगळी: एसपी (स्टॅक पॉइंटर) १६ च्या पटीत नाही. असेंब्लीत एकटा एक्स३० (परतीच्या पत्त्याचं रजिस्टर) स्टॅकवर ढकलतानाही एसपी ८ ने नव्हे, १६ ने खाली न्यायचा.