नासेंत म्हणजे पूर्व की झरा?

गोव्यातले पोर्तुगीज काळातले कागद आता कुणालाही मागून बघता येतात, मग लपवाछपवी कसली, हा मुद्दा अर्धाच पटतो. कागद समोर ठेवला, पण वाचता आला नाही, तर तो कपाटात असला काय नि टेबलावर असला काय. गोव्यात १८७० पासून लागू असलेली १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता घ्या. लग्न, वारसा, घराची वाटणी हे बरीच वर्षं मुख्यतः तिच्यावरच चालायचं. १९६१ नंतरही ती चालूच राहिली आणि सरकारने अधिकृत इंग्रजी भाषांतर राजपत्रात छापलं ते २०१८ साली! तोवर वकील सांगेल तो कायदा.

आमच्या आजोबांच्या भाटाच्या (बागायती जमिनीच्या) वाटणीचा कागद असाच पोर्तुगीजमध्ये, तिरक्या हस्ताक्षरात. पानामागे पैसे मोजून एकाकडून भाषांतर करून घेतलं. त्यात सीमा लिहिली होती, ‘झऱ्याच्या बाजूस अमक्याची जमीन’. भाटात झरा कधीच नव्हता, काकांनी उगाच दोन दिवस पायपीट केली. मूळ शब्द ‘नासेंत’. त्याचा एक अर्थ झरा, दुसरा सूर्य उगवतो ती दिशा, म्हणजे पूर्व. पुढच्याच ओळीत ‘पोएंत’, पश्चिम, होतं, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. भाषांतरावर ना कुणाची सही ना शिक्का, त्यामुळे चूक कुणाच्या पदरात घालायची तेही कळेना. निदान जमिनीच्या कागदांत नेहमी येणाऱ्या शंभरेक शब्दांचा मराठी-कोंकणी कोश तरी सरकारने फुकट द्यावा.