कोबीचा डबा, अर्थात कालिलातिक्को: तुमचे अनुभव लिहा

फिनिशमध्ये काली म्हणजे कोबी. लातिक्को म्हणजे खोका, डबा, झालंच तर टेबलाचा खणसुद्धा. म्हणून कालिलातिक्को हा कोबीचा डबा. (देवनागरीत हा शब्द किती बिनतक्रार उतरतो बघा, अगदी त आणि जोडाक्षरासकट.)

कागदावर पदार्थ सोपा आहे. कोबी, खिमा, थोडे तांदूळ, सिराप्पी नावाचा काळपट पाक, मीठ, पांढरी मिरी आणि मेइरामी नावाची सुकी पानं. सगळं एकत्र करायचं आणि ओव्हनमध्ये ठेवायचं. सोबत पुओलुक्काचा, म्हणजे लिंगनबेरीचा आंबट जॅम. थंडीतलं घरगुती जेवण, पाहुण्यांसाठी मुद्दाम कोणी करेल असं नाही.

मी फिनलंडमधल्या एस्पोत ११ वर्षं आहे. पहिले ४ डबे सरळ टाकून दिले. तेव्हा मी कोबी कच्चाच थर लावून भरायचे. तासाभराने कडेला गढूळ पाणी, मध्ये फडफडीत कोबी आणि घरभर तो उकडलेला वास. आता माझं प्रमाण असं: दीड किलो कोबी, खिम्याचं ४०० ग्रॅमचं पाकीट, दीड देसी तांदूळ अर्धवट शिजवून, ३ मोठे चमचे सिराप्पी, २ छोटे चमचे मेइरामी, ४ देसी स्टॉक. १७५ अंशावर दीड तास. देसी म्हणजे डेसिलिटर, १०० मिली. इथे वाटी-पेला चालत नाही, सगळं देसीत.

ज्यांनी ज्यांनी घरी केलाय, बिघडवलाय, त्यांनी लिहा. अस्सल कुठला यावर वाद नको.

उणे पंचवीस, ओउलू

माझी गोष्ट खिम्याची. जानेवारीत आलो, भाषा शून्य. दुकानात सगळ्यात स्वस्त पाकीट उचलायचो. त्यावर सिका-नाउता लिहिलेलं असायचं, मला वाटलं कंपनीचं नाव. तीन महिन्यांनी भाषेच्या वर्गात प्राण्यांचा धडा आला. सिका म्हणजे डुक्कर, नाउता म्हणजे गाय-बैल. मी वही मिटली आणि खिडकीबाहेर बघत बसलो. आईचा फोन यायचा, "कसला खिमा आणतोस रे?" मी म्हणायचो, "अगं, त्यात कोबीच जास्त असतो."

आता टर्कीचा खिमा आणतो. तो कोरडा पडतो, त्यामुळे लोणी सढळ हाताने आणि स्टॉक एक देसी वाढवून.

फोडणीवाली, व्हांता

मी मोहरी, हिंग, हळद, मिरचीची फोडणी दिली आणि मग ओव्हनमध्ये ठेवला. नवऱ्याने एक घास खाल्ला आणि विचारलं, "शेगडी बिघडली आहे का?" कोबीची भाजीच झाली होती, दीड तास उशिरा.

तिसरा मजला, तांपेरे

मला हा पदार्थ शेजारच्या आजींनी शिकवला. वय ८० च्या पुढे. इथे सगळेच एकमेकांना नावाने हाक मारतात, त्यांनीही तेच सांगितलं होतं. माझ्या तोंडून निघेना. शेवटी मुम्मो म्हणायला लागले. मुम्मो म्हणजे आजी. त्या हसल्या, पण ओ दिली.

त्यांच्याकडे बिडाचा तवा आहे, काळाकुळकुळीत. कोबी जाडसर चिरायचा, बोटाच्या पेराएवढा. आपण भाजीला चिरतो तसा बारीक चिरला तर लगदा होतो. तीन वाटे करायचे आणि एका वेळी एकच वाटा लोण्यात टाकायचा. मीठ अजिबात नाही, मिठाने पाणी सुटतं आणि कोबी परतायच्या ऐवजी उकडतो. मी पाचव्या मिनिटाला विचारलं, झालं? "एइ विएला." अजून नाही. दहाव्या मिनिटाला पुन्हा तेच. मग त्यांनी मला तव्याकडे कान करायला लावला. आधी नुसता सूं सूं आवाज येतो, ते पाणी. थोड्या वेळाने तो थांबतो आणि बारीक तडतड सुरू होते. तेव्हा तव्यात पाहिलं तर कडा तांबूस झालेल्या, काही तुकड्यांना गडद ठिपके. तिसरा वाटा झाल्यावर सगळा कोबी परत तव्यात, वरून सिराप्पी. मोठे बुडबुडे येतात, ते लहान आणि चिकट होईपर्यंत ढवळायचं. त्या वेळी जो वास सुटतो त्यात तो उकडलेल्या कोबीचा उग्रपणा नावालाही नसतो.

परतण्यातच पाऊण तास गेला. पुढचं काम ओव्हनचं. भांडं बाहेर काढल्यावर मुम्मोंनी कडेचा करपलेला भाग स्वतःच्या ताटात घेतला आणि मला मधला वाढला. मला कडेचाच हवा होता.

शाकाहारी आई, हेलसिंकी

आमच्याकडे हा पदार्थ लेकीने आणला. डे-केअरच्या दारावर आठवड्याचा मेनू लावलेला असतो, त्यात कालि दिसलं की ती सकाळी स्वतःहून बूट घालते. घरच्या कोबीच्या भाजीला हात लावत नाही. "तुझ्यात सिराप्पी नाही," असा शेरा. पुढे शाळेतही हाच मिळणार. इथे १९४८ पासून सगळ्या शाळकरी मुलांना दुपारचं गरम जेवण फुकट आहे, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या हा डबा खाऊनच मोठ्या झाल्या आहेत. काहींना तो आयुष्यभर आवडतो, काही नाव काढलं तरी तोंड वाकडं करतात.

मी सोयाचा चुरा घालते. दीड देसी चुरा गरम भाजीच्या स्टॉकमध्ये भिजवून, घट्ट पिळून, एक चमचा सोया सॉस घालून वेगळा परतायचा. न पिळता घातला तर स्पंज चावल्यासारखं लागतं. आणि तांदळाऐवजी जव. इथे तीही पद्धत आहे, मला तीच जास्त आवडते. दाणा दाताखाली येतो.

परत आलेला, कोल्हापूर

तुर्कूत ६ वर्षं होतो. मेइरामीची बाटली उघडली की दर वेळी वाटायचं, हा वास ओळखीचा आहे. आठवायचं नाही. परत आल्यावर एकदा आईबरोबर महाद्वार रोडवरून चाललो होतो. फुलवाल्या बाईंनी वेणी पुढे केली आणि मी जागीच थांबलो. मरवा! मेइरामी म्हणजे आपला मरवा. मी तिकडे सहा वर्षं गजऱ्यातला मरवा खिम्यात घालत होतो. आईला सांगितलं तर म्हणाली, "देवाला वाहायचं ते?"

बाजारच्या वेणीतला मरवा खायला वापरू नका, त्यावर काय फवारलंय कोण जाणे. मी कुंडीत लावलाय. ओली पानं सावलीत वाळवून चुरली की झालं. सिराप्पीच्या जागी काकवी. थंडीत गुऱ्हाळं सुरू झाली की बरणी भरून आणतो. तिची चव जास्त ठसठशीत, म्हणून तीनऐवजी दोनच चमचे. तांदूळ आंबेमोहर, कारण तिथे खिरीचा आखूड, चिकट तांदूळ वापरतात. बासमती घालून पाहिला, शीत शीत सुटं राहिलं, डबा बांधलाच गेला नाही. खिमा मटणाचा. पुओलुक्काऐवजी करवंदाचा मुरंबा, अर्धवट पिकलेल्या करवंदांचा, साखर हात राखून.

छोट्या ओव्हनमध्ये वरची कॉइल फार जवळ येते. पहिला डबा वरून कोळसा आणि आतून कच्चा निघाला.

एस्पो (धागाकर्ती)

काकवी आणि करवंद! मला इथे बसून हेवा वाटतोय. मरवा तर माझ्याही ध्यानात आला नव्हता.

बादलीभर बेरी, कुओपिओ

जॅमबद्दल कोणी नीट लिहिलं नाही म्हणून. विकतचा जॅम फार गोड असतो. आधीच कोबीत पाक, वर हा, म्हणजे जेवण की शिरा? पुओलुक्का सप्टेंबरात जंगलात फुकट मिळतो, कुणाच्याही रानात वेचता येतो, परवानगी लागत नाही. आम्ही वेचून आणतो, न शिजवता नुसता ठेचतो आणि बरणीत भरतो. या फळात बेंझोइक आम्ल मुळातच असतं, त्यामुळे थंड जागी महिनोन्‌महिने टिकतो. वाढताना चिमूटभर साखर. हे आंबट-कडसर तोंडी लावणं नसेल तर मी कालिलातिक्को करतच नाही.

स्पष्टवक्ता, तांपेरे

मला आवडत नाही. गोड कोबी ही कल्पनाच पटत नाही.

एस्पो (धागाकर्ती)

आमटीत गूळ घालता ना?

स्पष्टवक्ता, तांपेरे

घालतो. पण आमटीत आमसूलही असतं. बरं, एक कबुली देतो. दुसऱ्या दिवशी थंडगार डब्याची जाड वडी कापून लोण्यात दोन्ही बाजूंनी खरपूस केली आणि हिरव्या मिरचीचा ठेचा घेतला, तर दोन वड्या जातात. तीन.

नवखी, एस्पो

हे सगळं वाचून आज घातलाय. ५० मिनिटं झाली. वरून काळा पडायला लागलाय आणि कड उचलून पाहिली तर खाली पाणी दिसतंय. कोबी एकदमच परतला होता, तीन वाटे केले नव्हते, माझी चूक. आता काय करू?

तिसरा मजला, तांपेरे

ढवळू नकोस. वर फॉइल सैल टाक, ओव्हन १५० वर आण, अर्धा तास ठेव. मग बंद करून दार किलकिलं ठेव आणि दहा मिनिटं हात लावू नकोस. तांदूळ उरलेलं पाणी पितील.

नवखी, एस्पो

काढला. मध्ये जरा ओलसर आहे, पण चमच्यात उभा राहतोय. कडेचे चारही कोपरे पोरांनी खाऊन टाकले, भांडं अजून गरमच आहे.