रोडगा आतून कच्चा राहिला, अन् मी पण?

चांदूरची_सून:
नमस्कार मंडळी, चांदूर बाजार तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहिते. मागच्या शनिवारी मारोतीच्या पारावर नवसाचे रोडगे, म्हणजे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे पदरदार गोळे, होते अन् जगरा, म्हणजे तो गोवऱ्यांचा विस्तव, सांभाळायचं काम पहिल्यांदा माझ्याकडे आलं. पंगतीची घाई होती म्हणून जाळ बसायच्या आधीच मी रोडगे टाकून दिले, वरून मस्त काळे-तांबूस झाले, फोडला तर आतला गोळा कच्चा, नुसता पिठाचा वास. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत, तो रोडगा तसाच उचलून परत राखेत सरकवला. तेव्हापासून डोक्यात तेच घुमते. रोज पोथी वाचते, उपास करते, पण घरात कोणी उलटून बोललं की लगेच पेटते. म्हणजे मी पण वरूनच भाजलेली का? चुलीपाशी, ओव्हनपाशी तुम्हाला कधी असं काही उमगलं का? मनापासून विचारते.

वऱ्हाडी_आबा:
पोरी, जाळावर रोडगा भाजतच नाही. गोवऱ्या पुऱ्या जळू द्याच्या, धूर सरला, निखाऱ्यावर पांढरी राख धरली का मंग ठेवाचे, पलटवाचे, अन् शेवटी राखेत दाबून द्याचे. पदरावर पदर असते, आतल्या गोळ्यापर्यंत ऊब पोचाले येळ लागतेच. लहानपणी आमी काडीनं घडीघडी उकरून पाहो त बाबा हात धरत. दाबल्यावर आपल्या हातात काहीच रायत नाही, थोच येळ मले जपासारखा वाटते.

घरचा_पाव:
मी छोट्या ओटीजीत ब्रेड करते. झाला का नाही ते रंगावरून नाही कळत, उलटा करून बुडाला बोटांनी टकटक करायचं, पोकळ आवाज आला तर झाला, नाहीतर आत ओल आहे. दरवेळी मला गोरोबाकाका, म्हणजे संत गोरा कुंभार, आठवतात. मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून त्यांनी मडकी थापायचं थापटणं घेऊन एकेका संताच्या डोक्यावर मारलं, बाकी सगळे गप्प बसले, नामदेव तेवढे चिडले अन् कच्चं मडकं ठरले. पण ताई, कच्चं मडकं कोणी फेकून नाही दिलं, नामदेव औंढ्या नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले, तेच त्यांचे गुरू झाले. तुमच्या सासूबाईंनी रोडगा राखेत सरकवला ना, मला तर तेच दिसलं त्यात.

शिवारातला:
मला थोडं वेगळं वाटते. आमच्याकडे घरोघरचं पीठ एकाच परातीत येते, कोणाचं बारीक, कोणाचं जाडं, सगळं मिळून भिजवतो. मग कच्चा निघालेला रोडगा कोणाचा हे कोणी विचारतच नाही. ताई तुम्ही एकट्यानं मनाला लावून घेऊ नका.

चांदूरची_सून:
आबा, ताई, दादा, सगळं सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या तो राखेतला रोडगा सगळ्यात शेवटी त्यांनीच खाल्ला, वांग्याच्या भाजीसंग, तूप टाकून, आतून चांगला खुसखुशीत झाला होता. मला माहीतच नव्हतं. या शनिवारी परत जगरा लावतो आहोत, गोवऱ्या मी आजच उन्हात टाकल्या.