मदत हवी आहे: स्विफ्टला १५ इंची रिम की १६ इंची?

मंडळी, गाडी २०१९ ची स्विफ्ट व्हीएक्सआय, कंपनीचे टायर १६५/८० आर१४ (रुंदी १६५ मिमी, साइडवॉल म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के, रिम १४ इंची). आता चारही घासलेत, त्यामुळे अलॉय (मिश्रधातूच्या रिम) टाकायचा विचार आहे. नाशकात मुंबई नाक्याजवळच्या एका दुकानदाराने २०५/५५ आर१६ गळ्यात मारायचा प्रयत्न केला, "बिनधास्त बसतं साहेब!" घरी येऊन हिशोब केला. मूळ टायरचा व्यास ६२० मिमी, याचा ६३२! म्हणजे स्पीडोमीटर आत्तापेक्षा कमी वेग दाखवणार, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं की आत घासायची धास्ती वेगळीच.

स्विफ्टच्याच वरच्या झेडएक्सआय मॉडेलला येणारा १८५/६५ आर१५ भरतो ६२१.५. १९५/५५ आर१६ सुद्धा ६२१च. पण त्याची साइडवॉल जेमतेम १०७ मिमी, सध्याची १३२. रोज सातपूरला जाणं, महिन्यातून दोनदा त्र्यंबकेश्वर. पावसाळ्यातले खड्डे तुम्हाला सांगायला नकोत. रिम वाकली तर बायको घरात घेणार नाही.

माझा कल १५ कडे आहे, पोरगा १६ वर अडून बसलाय. कोणी १६ वापरतंय का? मायलेज, दणके कसे आहेत? आणि नव्या रिमचा पीसीडी (बोल्टची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास) ४x१०० जुळला, पण मधलं भोक ५४.१ मिमीपेक्षा मोठं असेल तर हब रिंग (ती फट भरणारी कडी) लावूनच घ्यायची ना? नाशकात अलाइनमेंट नीट करणारा कोणी असेल तर तेही सांगा.