नाथसागराचा काठ आणि भोवतालचे डोंगर : डिसेंबरातील पायी सहलींविषयी

प्रेषक : सहल समिती, एडिंबरा
प्रति : सर्व सभासद

सप्रेम नमस्कार.

यंदा नाताळच्या सुट्टीत आपल्या मंडळातील काही कुटुंबे मराठवाड्यात आपापल्या घरी जात असून त्यांतील बहुतेकांचा मुक्काम छत्रपती संभाजीनगर आणि पैठण या भागात राहणार आहे. इकडे आपण अधूनमधून एखाद्या शनिवारी नॉर्थ बेरिकला जातो, सकाळी समुद्रकाठाने चालतो आणि दुपारी गावामागच्या १८७ मीटर उंचीच्या लॉ टेकडीवर चढून संध्याकाळच्या रेल्वेने परततो. मुलांना हा क्रम इतका अंगवळणी पडला आहे की आजोळी गेल्यावरही काठ कोठे आणि टेकडी कोठे, असेच ती विचारणार. मराठवाड्याला समुद्र नसला तरी पैठणजवळच्या जायकवाडी धरणाचा जलाशय, म्हणजे नाथसागर, आहे, आणि डोंगरांची तर वानवा नाही. तेव्हा नाथसागराच्या काठाने चालता येते काय, त्याला जोडून त्याच दिवशी एखादा डोंगर करता येईल काय, आणि आठ ते चौदा वर्षांच्या मुलांना यातले किती झेपेल, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

आपली,
सहल समिती


प्रेषक : एक जुने सभासद, सध्या मुक्काम संभाजीनगर
प्रति : सर्व सभासद

सादर नमस्कार.

काठाने चालता येते. मात्र काठ आणि डोंगर एकाच दिवसात उरकण्याचा आग्रह सोडावा, असे मी प्रारंभीच सुचवतो. पैठण संभाजीनगरच्या दक्षिणेला सुमारे पन्नास किलोमीटर आणि वेरूळ वायव्येला सुमारे तीस किलोमीटर, असा हा पसारा असल्यामुळे दोन्ही टोके एका दिवसात गाठू पाहणाऱ्याचा बहुतेक दिवस मोटारीत जातो. दोन स्वतंत्र दिवस काढावेत. एडिंबऱ्यात डिसेंबरअखेर सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवून पावणेचारच्या आत मावळतो. येथे त्याच दिवसांत सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत उजेड असतो, पहाटे चांगला गारठा असतो आणि भर दुपारीही सावलीत बसणे सुखाचे होते. वेळेची चणचण तुम्हाला भासणार नाही.

काठाविषयी महत्त्वाची गोष्ट अशी की नकाशावरची निळी कड पाहून बेत आखू नये. जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधी यांनी त्याचे उद्घाटन केले. धरण पूर्ण भरल्यावर सुमारे ३५० चौरस किलोमीटर क्षेत्रावर २,९०९ दशलक्ष घनमीटर पाणी पसरते. भागाकार करून पाहिला तर सरासरी खोली जेमतेम आठ मीटर निघते, आणि या जलाशयाचा सारा स्वभाव त्या एका आकड्यात सामावलेला आहे. हे पाणी खोल दरीत कोंडलेले नसून गंगथडीच्या, म्हणजे गोदाकाठच्या, सपाट काळ्या रानावर पसरलेले असल्यामुळे पातळी एका मीटरने खाली गेली की सपाट बाजूला काठ शेकडो मीटर मागे सरकतो. समुद्राची भरती-ओहोटी दिवसातून दोनदा येते आणि तिचे वेळापत्रक आधी छापलेले असते. येथील ओहोटी मात्र पावसाळा संपल्यावर सुरू होऊन जूनपर्यंत चालते. तिचा वेग वरच्या पट्ट्यातील पाऊस, नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतील धरणांतून खाली आलेले पाणी आणि कालव्यांची आवर्तने, म्हणजे शेतीसाठी पाळीपाळीने सोडले जाणारे पाणी, यांवर ठरतो. २०१६ च्या उन्हाळ्यात तर उपयुक्त साठा संपून केवळ मृतसाठा, म्हणजे कालव्यांत न सोडता येणारे तळाचे पाणी, राहिला होता.

म्हणून निघण्यापूर्वी धरणाची टक्केवारी पाहावी; पावसाळ्यापासून ती स्थानिक वर्तमानपत्रांत आणि जलसंपदा विभागाच्या अहवालांत नियमित येत असते. ती टक्केवारी उपयुक्त साठ्याची, म्हणजे २,१७१ दशलक्ष घनमीटरांची असते, हे मात्र ध्यानात ठेवावे. शून्य टक्के म्हणजे कोरडे धरण नव्हे. नव्वदच्या वर असल्यास पाणी बांधाबंधाऱ्यांना आणि बाभळींना टेकलेले असते व चालण्याची वाट गावरस्त्यांवरूनच जाते. सत्तरच्या आसपास असल्यास पाणी आणि शेत यांच्यामध्ये ओल्या मातीचा रुंद पट्टा उघडा पडतो, आणि माझ्या मते पाहण्यासारखा काठ तो हाच. रोहित पक्षी उथळ पाण्यात माना खाली घालून चरताना दिसतात, तलवार बदके आणि चक्रवाक थोडे दूर असतात, आणि हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब सकाळी उन्हे अंगावर घेत काठाशीच बसलेले असतात. या जलाशयाला १९८६ साली पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला आहे. त्यामुळे आरडाओरडा, कुत्री आणि ड्रोन ही तिन्ही घरी ठेवावीत. दुर्बीण नसेल तर मागून घ्यावी. तिच्यावाचून रोहित पक्ष्यांचा थवा म्हणजे पाण्यावरची एक फिकट रेघ एवढेच दिसते.

स्कॉटलंडमध्ये २००३ च्या भूसुधारणा कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्या माणसाला बहुतेक मोकळ्या जमिनीवरून चालण्याचा हक्क दिला आहे आणि आपल्या मुलांना त्याची सवय आहे. येथे तसे समजू नये. पाणी मागे सरकते तशी मोकळी झालेली जमीन लगोलग नांगरली जाते आणि तीत हरभरा, गहू, ज्वारी यांची गाळपेर होते. धरणाखाली ज्यांच्या गावांचा आणि शेतांचा बळी गेला त्यांच्यापैकी अनेकांची नातवंडे आज ही गाळपेर करतात, हे लक्षात घेतले तर नुकत्याच उगवलेल्या हरभऱ्यातून आडवे जाणे किती अशोभनीय आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही. बांधावरून चालावे, भेटेल त्याला "रामराम" घालावा आणि पाण्यापर्यंत वाट कोणती ते विचारावे; बहुधा तो माणूस स्वतःच चार पावले पुढे चालू लागतो. धरणाच्या सुमारे दहा किलोमीटर लांबीच्या बांधावरून चालण्याचा मोह होईल, पण तो सुरक्षेच्या कारणास्तव सर्वसामान्यांना खुला नाही.

आता डोंगर. आपली लॉ टेकडी ही विझलेल्या ज्वालामुखीच्या नळीत गोठलेला खडक आहे आणि म्हणून ती एकटी उभी आहे. येथील डोंगर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या लाव्हाच्या थरांचे आहेत. घट्ट काळ्या थराचा कडा होतो आणि त्याच्या वरखाली असलेला मऊ थर, ज्याला आमच्याकडचे विहीर खणणारे मांजऱ्या म्हणतात, झिजून त्याची सपाटी होते. चालणाऱ्याला याचा अर्थ असा की चढ सलग येत नाही. थोडा दमछाक करणारा कडा, मग बराच वेळ पठार, पुन्हा कडा, अशा पायऱ्यांनी तो येतो, आणि मुलांना हे फार मानवते.

सर्वांत सोपा म्हणून देवगिरी. माणसांनी तासून काढलेल्या कातळामुळे वर जाण्याची वाट एकच आहे, आणि ती खंदक ओलांडून अंधारीच्या भुयारातून जाते. विजेरी प्रत्येकाच्या हाती स्वतंत्र असावी. ज्या किल्ल्यासाठी १२९६ साली अलाउद्दीन चालून आला आणि जेथे १३२७ साली मुहम्मद तुघलकाने दिल्लीहून राजधानी आणली, त्याचा इतिहास वाटेत सांगण्याजोगा आहे. पण तो बारादरीपर्यंत पोहोचल्यावर सांगावा, कारण चढताना कोणीही ऐकत नाही. आग्या मोहोळांपासून सावध राहावे. धूर, अत्तर आणि गोंगाट यांनी माश्या चवताळतात, आणि अशा कातळावर पळायला जागा नसते.

मला स्वतःला मात्र गर्दीचा देवगिरी नव्हे, तर खुलताबादचे पठार आवडते. शूलिभंजनच्या दत्तमंदिरापासून निघून पठाराच्या कडेने खुलताबादला यावे आणि तेथून घाट उतरून वेरूळला जावे. रमतगमत चालले तर दिवस सत्कारणी लागतो. वेरूळच्या ३४ लेण्यांपुढे सारे थांबतात, परंतु लेण्यांच्या माथ्यावर येळगंगेच्या ओढ्याकाठी गणेश लेणी आणि जोगेश्वरी लेणी आहेत, तेथे क्वचितच कोणी भेटते. आपण ज्या कड्याच्या पोटात लेणी पाहतो त्याच्याच पाठीवरून चालत असल्याचे तेथे मुलांनाही समजते.

आपला,
कन्नडकर


प्रेषक : एक सभासद, ग्लासगो
प्रति : सर्व सभासद

नमस्कार.

कन्नडकर काकांचे पत्र वाचनीय आहे, पण मराठवाडा म्हणजे संभाजीनगर आणि त्याच्या भोवतालचे तीस कोस, असा समज होऊ नये म्हणून धाराशिवकर या नात्याने दोन ओळी लिहितो. पाणी आणि चढउतार एकाच ठिकाणी हवे असतील तर नळदुर्गला जावे. बोरी नदी किल्ल्याच्या तटाशी अडवून इब्राहीम आदिलशहा दुसरा याच्या काळात, १६१३ साली, बंधाऱ्याच्या पोटातच पाणीमहाल बांधला गेला. नर आणि मादी हे धबधबे पावसाळ्यात वाहतात, डिसेंबरात त्यांची अपेक्षा धरू नये. परंतु तटावरून चालत एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला माळ पाहत उपळी बुरुजापर्यंत जाणे, हाच अर्ध्या दिवसाचा उत्तम कार्यक्रम आहे. दुसरा अर्धा दिवस येडशीच्या रामलिंगाला द्यावा. बालाघाटाच्या त्या घळीत झाडी दाट आहे आणि माकडे धीट आहेत, खाऊ पिशवीत ठेवावा.

आपला नम्र,
धाराशिवकर


प्रेषक : एक सभासद, फाइफ (माहेर पैठण)
प्रति : सर्व सभासद

सप्रेम नमस्कार.

काकांनी ओल्या पट्ट्याचे वर्णन फार प्रेमाने केले आहे, त्याला माहेरवाशीण म्हणून थोडी पुरवणी जोडते. तो पट्टा वरून वाळलेला, भेगाळलेला दिसतो आणि आत लोणी असतो. फाइफच्या वाळूवर पळणारी मुले त्याच भरवशाने धावत सुटतील आणि गुडघ्यापर्यंत रुततील. गाळातून पाय निघतो, बूट निघत नाही. जेथे गुरांच्या खुरांच्या किंवा बैलगाडीच्या चाकोरीच्या खुणा आहेत तेथपर्यंतच जावे, त्यापुढे मोठ्यांनीही जाऊ नये. मासेमारीची जाळी काठाशीच रोवलेली असतात, त्यांत पाय अडकवून कोणाच्या पोटावर पाय देऊ नये.

जागा विचाराल तर सोनेवाडीच्या बाजूने सकाळी लवकर जावे. वरच्या अंगाला कायगाव टोक्याला प्रवरा आणि गोदावरी यांचा संगम आहे, पलीकडे सिद्धेश्वराचे पेशवेकालीन मंदिर आणि घाट आहे. तेथे पाऊलवाटेपेक्षा पायऱ्याच अधिक, म्हणून आजी-आजोबा बरोबर असतील तर तेच बरे. बायकामुलींसाठी स्वच्छतागृहाची सोय काठावर कोठेही नाही, हे सहलींच्या पत्रांत कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते. पैठण गावात ती आधी उरकून निघावे. बरोबर धपाटे आणि दही न्यावे. गावातल्या ओळखीने कोणी हुरड्याला बोलावले तर दुपारचा सारा बेत बदलावा, पश्चात्ताप होणार नाही.

दोन दिवस वेगळे काढण्याच्या सूचनेला माझे अनुमोदन आहे, पण ते दोन दिवस परस्परांशी बांधलेले आहेत, हे मुलांना अवश्य सांगावे. नाथमहाराज कोवळ्या वयात पैठण सोडून देवगिरीला जनार्दनस्वामींकडे गेले आणि पुढे त्यांनी शूलिभंजनच्या डोंगरावर तप केले, असे परंपरा सांगते. काकांनी ज्या पठारावरून वाट काढली आहे ते हेच. त्याच्याही कितीतरी आधी, सातमाळ्याच्या डोंगरात पितळखोऱ्याची लेणी कोरली जात असताना, त्यांतील खांबांसाठी प्रतिष्ठानच्या म्हणजे पैठणच्या माणसांनी दान दिल्याचे तेथील शिलालेखांत कोरलेले आहे. त्यांतला एक मितदेव नावाचा गंध्याच्या कुळातला होता. आमच्या गावचा अत्तरविक्या दोन हजार वर्षांपूर्वी त्या डोंगरात नाव ठेवून गेला, याचा मला उगाचच अभिमान वाटतो. तेव्हा तिसरा दिवस हाताशी असेल तर तो पितळखोऱ्याला द्यावा काय, हे काकांनीच सांगावे.

आपली,
पैठणची लेक


प्रेषक : एक जुने सभासद, सध्या मुक्काम संभाजीनगर
प्रति : सर्व सभासद

सादर नमस्कार.

ताईंनी गाळाविषयी लिहिलेले अक्षरशः पाळावे.

पितळखोरा अवश्य करावा, परंतु दहा वर्षांखालील मुलांना नेताना विचार करावा. लेणी दरीच्या आत असल्यामुळे आधी उतरावे लागते आणि चढ नेमका परतीला, थकल्यावर येतो. हा भाग गौताळा औट्रमघाट अभयारण्यात मोडतो, बिबट्याचा वावर आहे, म्हणून वनविभागाच्या नाक्यावर नोंद करून दिवसाउजेडीच बाहेर पडावे. गवत डिसेंबरात वाळलेले असते आणि त्याची कुसळे मोज्यांतून आरपार जातात. पूर्ण लांबीची जाड विजार घालावी. काडेपेटी कोणाच्याही खिशात असू नये. पाणी माणशी तीन लिटर घ्यावे, कारण तिकडच्या ओढ्यांत तोवर डबकीच उरलेली असतात.

धाराशिवकरांच्या नळदुर्गविषयी माझा वाद नाही. फक्त तो संभाजीनगरहून एका दिवसात जाऊन येण्याजोगा नव्हे, सोलापूरकडून येणाऱ्यांनी किंवा तिकडे नातलग असणाऱ्यांनीच तो घ्यावा.

वारांकडेही लक्ष असावे. वेरूळची लेणी मंगळवारी आणि अजिंठ्याची सोमवारी बंद असतात, तेव्हा खुलताबाद-वेरूळचा दिवस बुधवारी ठेवून मंगळवारी काठावर जावे. धरणाची टक्केवारी मी डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात कळवीन. ती ऐंशीच्या वर असल्यास कायगाव टोके, खाली असल्यास सोनेवाडी, असे गृहीत धरून गाड्या ठरवण्यास हरकत नाही.

आपला,
कन्नडकर