ठशाचा फोटो सपाट का येतो?

ओलीवाळू: ओलसर वाळूतले प्राण्यांच्या पायांचे ठसे डोळ्यांना छान खोल दिसतात, फोटोत मात्र नुसता डाग उमटतो. काही फोटोंत तर ठसा आत जाण्याऐवजी फुगून वर आल्यासारखा दिसतो! मोबाईल आणि ५० मिमी लेन्सचा कॅमेरा, दोन्ही वापरते. वेळ सकाळी दहा-अकराची. मापासाठी शेजारी नाणं ठेवते. जाणकारांना दाखवलं की “कुत्रा की मांजरकुळातलं, सांगता येत नाही” म्हणतात. कुठे चुकतंय?

मागोवा: वेळ चुकतेय. ठसा म्हणजे खळगा, आणि फोटोत खळगा कळतो तो त्याच्या कडेच्या सावलीमुळे. दहानंतर ऊन वरून पडतं, सावली फारशी उरत नाही. सूर्योदयानंतरच्या तास-दीड तासात जा, नाहीतर उन्हं कलल्यावर. तेही जमत नसेल तर छत्रीने अख्खा ठसा सावलीत घ्या (अर्धवट सावली सर्वांत वाईट) आणि टॉर्च जमिनीलगत, १० ते २० अंशांवर धरा. चारही बाजूंनी एकेक फोटो काढा. नखांच्या टोकांची बारीक छिद्रं एका बाजूच्या प्रकाशात ठळक दिसतात आणि दुसऱ्या बाजूच्या प्रकाशात पार गायब होतात.

फुगीर दिसण्याचं कारण वेगळं. प्रकाश वरूनच येतो असं आपला मेंदू धरून चालतो. फोटोत तो खालच्या कडेकडून आला असेल तर खळग्याचा उंचवटा होतो. तोच फोटो उलटा फिरवून पाहा, ठसा लगेच आत जाईल. काढताना सूर्य समोर ठेवून उभे राहा, म्हणजे तुमची सावलीही मागे पडेल. ओली वाळू चमकली तर लेन्सवर पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) लावा.

काटकोन: नाणं बंद करा. नाण्याचा आकार बघणाऱ्याला माहीत असेलच असं नाही, शिवाय त्यावरून कॅमेरा तिरका होता का तेही नेमकं मोजता येत नाही. मिलिमीटरच्या खुणा असलेल्या दोन पट्ट्या घ्या, एक लांबीला, एक रुंदीला, काटकोनात. दोन्हींवरचा सेंटिमीटर फोटोत सारखाच भरला तर कॅमेरा सरळ होता. पट्टी राखाडी आणि बिनचमकीची हवी, पांढरी चकचकीत असेल तर उन्हात आकडेच उडून जातात.

पट्टी ठशाच्या काठावर नको, बाजूची वाळू उकरून तळाच्या पातळीला बसवा. ठसा २ सेंमी खोल, कॅमेरा काठापासून ५० सेंमी वर आणि पट्टी काठावर असेल, तर १० सेंमीचा ठसा ९.६ च भरतो. म्हणून फार जवळही जाऊ नका. मोबाईल छातीच्या उंचीवर धरून दुप्पट झूम वापरा. कॅमेऱ्यावर एफ/८ (लेन्सचं मध्यम छिद्र) पुरे.

रानखूण: ठशात पान पडलं असेल तर आधी आहे तसा फोटो घ्या, मग चिमट्याने पान उचला. फुंकर अजिबात नको: कडेचे सुटे कण आत घरंगळतात आणि गादीची (बोटांमागच्या मोठ्या मऊ भागाची) मागची कड बुजते. ओळख तर तिथेच असते. मांजरकुळात त्या कडेला तीन उंचवटे असतात, चार बोटांतलं एक जरा पुढे आणि ठसा गोलसर. कुत्र्याचा ठसा लांबट, दोन्ही बाजू सारख्या, आणि गादी-बोटांच्या मधून फुली मारता येते. निव्वळ नखांवर विसंबू नका. कडक मातीत कुत्र्याची नखं उमटत नाहीत, निसरड्या चिखलात मांजरही नखं बाहेर काढते, आणि चित्त्याची तर बहुतेक वेळा दिसतातच.

एकाच ठशावर थांबू नका. सलग चार-पाच ठशांशेजारी मोजायची टेप पसरून एक फोटो घ्या. मागचा पाय पुढच्याच्या ठशावर पडला की पाच-सहा बोटांचं भलतंच काही दिसतं, ते अशा ओळीतच उलगडतं. विष्ठेलाही हीच पट्टी, पण हात लावू नका, परजीवींची अंडी असू शकतात. काडीने फोडून आतले केस, हाडांचे तुकडे जवळून टिपा.

ओलीवाळू: आणि झाडावरचे नखांचे ओरखडे?

मागोवा: लेन्स ओरखड्यांच्याच उंचीवर, सालीला समांतर. ओरखडे बहुधा उभे असतात, तेव्हा टॉर्च बाजूने मारा. वरून मारलात तर चरा उजेडाने भरून जातो, सावली पडत नाही. पट्टी चऱ्यांना आडवी धरा, म्हणजे दोन चऱ्यांमधलं अंतर वाचता येईल. शेवटी टेप जमिनीपासून वरच्या टोकापर्यंत धरून पूर्ण खोडाचा एक फोटो घ्या.