४ इंची भिंत म्हणून लगेच घण घालू नको
घरातली भिंत पाडता येईल का, वजन घेणारी कुठली ते कसं ओळखायचं असं तू विचारलंयस, त्यावर वरती एकानं लिहिलंय की भिंत ४ इंची असली की बिनधास्त पाडायची. आरसीसी फ्रेमच्या, म्हणजे काँक्रीटच्या कॉलम-बीमवर उभ्या फ्लॅटात बऱ्याचदा चालतंय ते, पण भावा तुझं घर शिवाजी पेठेतलं जुनं दोन मजली आहे म्हणतोयस, तिथं आधी कॉलम आहेत का तेच बघ. नसतील तर स्लॅबचं वजन भिंतींवरच आलेलं असतंय आणि ९ इंची भिंत, प्लास्टरसकट दहाएक इंच भरतीय, दाराच्या चौकटीपाशी टेप लावून बघ, ती वजन घेतीय असंच धरून चाल. मग वर जाऊन बरोबर त्याच रेषेत भिंत किंवा पाण्याची टाकी आहे का बघ, असली तर तिचं वजन खालच्या भिंतीवर येत असणार. लाकडी तुळया असतील तर त्यांची टोकं कुठल्या भिंतीत घुसलीत, म्हणजे वजन कुठली घेतीय, ते बघितलं की निम्मं काम झालं. टकटक करून काय कळत नाही. आणि मागनं वाढवलेल्या खोलीत पैसे वाचवायला ४ इंचीवरच स्लॅब टाकलेला असू शकतोय, म्हणून नुसत्या जाडीवर जाऊ नको. गवंडी 'काय होत नाही ओ' म्हणतोच, तू स्ट्रक्चरल इंजिनिअरला घरी आणून दाखव. पाडायचीच ठरली तर आधी टेकू, मग इंजिनिअरनं सांगितलेला गर्डर, म्हणजे भिंतीच्या जागी वजन पेलणारी आडवी तुळई.